डुबकी आधी, काळं पाणी शेवटी

भंडारा, तुमसर, साकोली, लाखनीच्या घरांत अंदमानच्या सहलीचा कागद समोर येतो तेव्हा त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, मग नील बेट आणि शेवटच्या सकाळी ‘वेळ उरलाच तर’ स्कूबा. दुपारी विमान, मध्ये एकदा बदल, रात्री नागपूर आणि तिथून साठ किलोमीटरवर घर. कागदावर सगळं चोख बसतं. पण त्यातली शेवटची सकाळ आणि दुपारचं विमान यांचं आपसात पटत नाही.

‘डुबकी मारून झाली, आंघोळ केली, बॅग भरली, निघालो’ हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात महागात पडू शकणाराही हाच. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो. त्या दाबाची हवा श्वासात घेताना तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो लगेच निघून जात नाही, त्याला काही तास लागतात. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीइतका नसतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर जे होतं, तेच अंगात उरलेल्या नायट्रोजनचं होऊ शकतं. बुडबुडे होतात, सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर इथपासून ते लकव्यापर्यंत त्रास जाऊ शकतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे, की एकच साधी डुबकी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झालं असेल तर किमान १८ तास थांबावं. बरेच प्रशिक्षक हिशोबाच्या भानगडीत न पडता सरसकट २४ तास सांगतात. सहल आखणाऱ्या माणसाने तोच आकडा धरावा.

हा नियम फक्त विमानाचा नाही, उंचीचा आहे. सिंधुदुर्गात डुबकी मारून संध्याकाळीच गाडीने कोल्हापूरकडे निघालेल्यांना हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. वाटेतली आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि वरची शिफारस साधारण ६०० मीटरच्या पुढे लागू होते. मालवणला नवख्यांना नेतात ते पाणी फार खोल नसतं, त्यामुळे धोका कमी. तरी घाट दुसऱ्या दिवशी चढलेला बरा.

एवढी एक गोष्ट पटली की सहलीचा सगळा क्रम उलटा होतो. पाण्यातलं आधी, जमिनीवरचं शेवटी. बाकीचे गैरसमजही फिरून फिरून याच वेळापत्रकाशी येऊन थांबतात.

‘पोहता येत नाही, म्हणजे आपलं काम नाही’

भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, पण शहरात वाढलेल्या पुष्कळांचा पाण्याशी संबंध वैनगंगेच्या पुलावरून पाहण्यापुरताच असतो. त्यांच्यासाठी चांगली बातमी अशी, की ‘ट्राय डाइव्ह’ म्हणजे प्रशिक्षकाने हाताला धरून पाण्याखाली नेऊन आणण्याच्या प्रकाराला पोहता येण्याची अट नसते. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल आणि तब्येतीने धड असलेला माणूस, दोघांनाही ती करता येते. खोली १२ मीटरच्या आतच असते. परवाना देणाऱ्या ‘ओपन वॉटर’ कोर्सची गोष्ट वेगळी. तिथे २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं आवश्यक आहे, समुद्रात चार डुबक्या माराव्या लागतात आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. त्यात तीन-चार दिवस जातात. अभ्यासाचा भाग मात्र ऑनलाइन उरकता येतो. तो बेटावरच्या खोलीत बसून करण्याऐवजी घरीच करून निघालं, तर बेटावरचा जवळपास एक दिवस वाचतो.

आता उलट बाजू. लहानपणापासून गावच्या मालगुजारी तलावात सूर मारणारे, श्वास कोंडून तळाची माती मुठीत आणून दाखवणारे पटाईत पोहणारे या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांना वाटतं, हे तर आपल्या डाव्या हातचं. पण स्कूबाचा पहिला नियमच असा, की श्वास कधीही कोंडायचा नाही. तलावात बुडी मारणारा पृष्ठभागावरची हवा छातीत भरून खाली जातो. ती खाली दबते आणि वर येताना मूळच्या आकाराला येते. स्कूबात मात्र छाती भरते ती खालच्या दाबाच्या हवेने. दहा मीटरवर भरलेली छाती कोंडून तसंच वर आलं, तर ती हवा दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. हा धोका खोल पाण्यातच असतो असंही नाही, पुरुषभर पाण्यातही तो आहे. म्हणजे ज्या सवयीवर गावात टाळ्या मिळतात, तीच इथे मोडावी लागते. पोहता न येणारा माणूस प्रशिक्षकाचं मुकाट्याने ऐकतो, हा त्याचा एक फायदाच म्हणायचा.

पाठीवरच्या टाकीबद्दलही असंच. ‘ऑक्सिजनचं सिलिंडर’ हा शब्द बातम्यांतसुद्धा सर्रास दिसतो. त्या टाकीत असते आपली रोजची हवा, साधारण २०० पट दाबाने कोंबलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन कोणी खाली गेलं, तर सहा मीटरच्या पुढे तोच विषारी ठरू लागतो आणि झटके येऊ शकतात.

खोल पाण्यात नेण्याआधी कमरेभर पाण्यात उभं करून वीस-पंचवीस मिनिटं खुणा शिकवतात, तिथेही एक गंमत होते. ‘कसं वाटतंय?’ या खुणेला नवखा माणूस हमखास अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘छान’ असा नाही, ‘वर चला’ असा आहे. प्रशिक्षक आज्ञाधारकपणे त्याला वर घेऊन येतो आणि तो बिचारा विचारतो, संपलं एवढ्यात? ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, बाकीची तीन बोटं मोकळी. फोटोसाठी अंगठा दाखवायची हौस असेल, तर ती बोटीवर पुरी करावी.

कान, सर्दी आणि डॉक्टरची सही

खाली जाताना दोन मीटरच्या आतच कानावर दाब जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकर मारली की कान मोकळे होतात. ते दुखू लागण्याआधी आणि दर मीटरला करायचं असतं. ‘थोडं दुखलं तर सहन करावं’ हा समज चुकीचा आहे. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी डुबकी नाहीच. गोळी घेऊन नाक मोकळं केलं आणि तिचा असर खाली असताना उतरला, तर वर येताना हवा कानात किंवा सायनसमध्ये अडकते आणि वर येणं तर भागच असतं. म्हणून डुबकी सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवायला आणखी एक कारण मिळतं. सर्दीने आजचा दिवस गेला, तर उद्याचा हाताशी असतो.

दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाच्या पडद्याला भोक, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयी चांगलं केंद्र आधी फॉर्म भरून घेतं. एखाद्याही प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर डॉक्टरची सही लागते. ती किनाऱ्यावर, बोट सुटायच्या दहा मिनिटं आधी मिळत नाही. फॉर्म आधीच मागवून भंडाऱ्याला किंवा नागपूरला आपल्या डॉक्टरांना दाखवलेला बरा. पूर्व विदर्भाच्या दृष्टीने एक गोष्ट तर ठळकपणे सांगायला हवी. इथे सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्यांना डायव्हिंग टाळण्याचाच सल्ला दिला जातो, कारण थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजन घटणं या तिन्ही गोष्टी त्रास उफाळायला पुरेशा असतात. फक्त वाहक असलेल्यांनीही डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. हे लपवून फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिणारे भेटतात. असल्या बहादुरीची किंमत कुटुंबाला मोजावी लागते.

चष्मा मात्र अडचण नाही. नंबरचे मास्क मिळतात, आधी विचारायचं. शिवाय पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, हा फुकटचा लाभ. त्याचमुळे ‘एवढा मोठा मासा’ असं हात पसरून सांगणाऱ्याचं म्हणणं थोडं छाटूनच घ्यावं लागतं.

‘मे महिना म्हणजे सहलीचा महिना’

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या बाकी भागापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात. त्यामुळे मेअखेर किंवा जूनचा पहिला पंधरवडा सहलीला मोकळा वाटतो. भंडाऱ्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि निळ्या पाण्याचे फोटो खुणावतात. पण मोसमी पाऊस केरळात पोचण्याआधी अंदमानात पोचतो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो तिथे असतो, म्हणजे भंडाऱ्याला येण्याच्या तीन-चार आठवडे आधी. समुद्र खवळतो, बेटांमधल्या बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं. मालवणातलं डायव्हिंगही पावसाळाभर बंद असतं.

दिवाळीची सुट्टी बरी, पण निर्धास्त नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातले वादळांचे महिने आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानाने हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, त्यांना बाहेर काढायला नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या नौका लागल्या. समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात नितळ असतं ते फेब्रुवारी ते एप्रिल. परीक्षांच्या दिवसांत जाणं सगळ्यांना जमत नाही हे खरं. मग एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा धरावा, किंवा दिवाळीत जाऊन एक रिकामा दिवस पदरी ठेवावा. काहीही असो, परतीच्या विमानाची आदली रात्र बाहेरच्या बेटावर काढू नये. सकाळची बोट रद्द झाली की विमान गेलंच. ही रात्र मोठ्या बेटावर काढली, की नायट्रोजनचा हिशोबही आपोआप सुटतो.

घड्याळाचा घोळ वेगळाच. अंदमान भंडाऱ्याच्या तेरा रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ दोन्हीकडे एकच. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात साडेपाचला उजाडतं आणि पाचच्या सुमारास मावळतं. ‘सकाळी आरामात नाश्ता करून दहाला निघू’ म्हणणाऱ्या कुटुंबाचा निम्मा दिवस हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत जातो. डायव्हिंगच्या बोटी सकाळी लवकर सुटतात ते उगीच नाही. तेव्हा वर ऊन चढलेलं असतं आणि पाण्याखाली उजेड भरपूर. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून उजेड जितका जास्त तितकं प्रवाळ डोळ्यांना खरं दिसतं. उशिरा काढलेले व्हिडिओ निळे-करडे येतात त्याचंही कारण हेच.

मग बाकीच्यांनी काय करायचं?

सहा जणांच्या कुटुंबात डुबकी मारणारे फार तर तिघं निघतात. आजी-आजोबा, लहान मूल आणि ‘मला नाही बाई जमायचं’ म्हणणाऱ्या काकू यांना किनाऱ्यावर छत्रीखाली बसवून ठेवणं म्हणजे सहल नव्हे. डायव्हिंगच्या बेटावर डायव्हिंगशिवाय काही नाही, हा समजच मुळात खोटा. प्रवाळ पाहायला खोल जावंच लागतं असंही नाही. अनेक प्रवाळ दोन-तीन मीटरवरच असतात आणि लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेत तरंगणाऱ्या माणसाला, म्हणजे स्नॉर्केलिंग करणाऱ्याला, ते छान दिसतात. हॅवलॉकचा एलिफंट बीच त्यासाठीच ओळखला जातो. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर काचेच्या तळाच्या बोटीतून, एक थेंबही अंगावर न घेता प्रवाळ पाहता येतात; तिथे एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक नेऊ देत नाहीत. राधानगर किनाऱ्यावरची संध्याकाळ सगळ्यांची सामाईक. २००४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं, आणि तिथल्या गर्दीतही ते पटतं. नील बेट इतकं लहान आणि सपाट की सायकलवर फिरून होतं. भाताची शेतं पाहून भंडाऱ्याच्या माणसाला तिथे जरा घरच्यासारखंच वाटेल.

नावांवरूनही गोंधळ होतो. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक, हॉटेलच्या पावतीवर दुसरं असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

यातून सात दिवसांचा आराखडा साधारण असा निघतो. पहिल्या दिवशी पोचून विश्रांती, संध्याकाळी जवळचा किनारा. दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप आणि राधानगर. तिसऱ्या सकाळी डुबकी, तेव्हाच बाकीच्यांचं स्नॉर्केलिंग. चौथा दिवस राखीव. सर्दी, पाऊस, नाहीतर आवडलं म्हणून दुसरी डुबकी. पाचव्या दिवशी शहीद द्वीप. सहाव्या दिवशी श्री विजयपुरमला परत आणि मग सेल्युलर जेल. सातव्याला विमान.

जेल शेवटी ठेवण्याने काही बिघडत नाही, उलट शोभतं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीनच आज उभ्या आहेत. बाबाराव आणि विनायक हे दोघे सावरकर बंधू इथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगत होते. विनायकराव १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं. मराठी माणूस तिथे दोन-तीन तास सहज काढतो. पहिल्या दिवशी विमानातून उतरून पेंगत पाहिलेला तुरुंग आणि सगळी धावपळ संपल्यावर, निवांत उभं राहून कोलू आणि कोठड्या पाहणं, यात फरक आहे. अंगातला नायट्रोजन तेवढ्या वेळात निमूट निघून जातो.

अंदमानच कशाला?

खर्च आणि रजा दोन्ही कमी असतील, तर मालवण हा पर्याय कमअस्सल नाही. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच नवख्यांच्या डुबक्या होतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे समुद्रात उतरण्याआधी पोहण्याच्या तलावात सराव करता येतो. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, ही अपेक्षा आधीच ठेवावी. बाकी वेळात किल्ला, देवबागचा संगम, रात्री एखाद्या गावात दशावतार आणि जेवायला सुरमई. न बुडणाऱ्यांचीच चैन जास्त. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका सिंधुदुर्गच्या समुद्रात बुडवून तिचा कृत्रिम प्रवाळखडक करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला आहे.

लक्षद्वीपला ‘आपलाच देश, उठलं की निघालं’ असं चालत नाही. भारतीयांनाही तिथे प्रवेशपरवाना लागतो आणि वाट बहुधा कोचीवरून जाते. अंदमानच्या नेहमीच्या बेटांना भारतीयांसाठी असा परवाना नाही; आदिवासींच्या राखीव क्षेत्रांत मात्र जाता येत नाही. बाराटांगचा रस्ता जारवांच्या क्षेत्रातून जातो, तिथे गाड्या पोलिसांच्या ताफ्यातूनच सोडतात आणि फोटो काढायला सक्त मनाई आहे.

लोक विचारतात शार्कबद्दल. नवख्यांच्या डुबकीत शार्क दिसलाच तर तो नशिबाचा भाग, आणि तोही बहुधा लगबगीने दूर जाणारा. अंदमानात जपून राहायचं ते खाऱ्या पाण्यातल्या मगरींपासून. त्या खाडीच्या, खारफुटीच्या बाजूला असतात. काही किनाऱ्यांवर इशाऱ्याचे फलक आहेत आणि पोहायची जागा जाळी लावून आखून दिली आहे. फलकाच्या पलीकडे संध्याकाळी एकट्याने पाण्यात उतरू नये, एवढं पाळलं तर पुरे.

पैसे भरण्याआधी केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं मिळणार, एका प्रशिक्षकामागे किती जण असणार आणि हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस. ‘दोन तासांचं पॅकेज’ म्हणतात त्यात पोशाख, बोट आणि शिकवणी धरलेली असते, पाण्याखालचा वेळ पुष्कळदा वीस-तीस मिनिटांचाच. घरच्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळ धरले आहेत का, हेही पॉलिसी काढून एकदा वाचावं.

शेवटी किनाऱ्यावर पडलेल्या प्रवाळाच्या पांढऱ्या तुकड्यांबद्दल. ‘मेलेलाच तर आहे, नेला तर काय झालं’ असं म्हणून तो बॅगेत टाकणारे पुष्कळ. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही, तो प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. काही शंखही त्याच यादीत येतात. विमानतळावर बॅगा तपासताना हे तुकडे काढून घेतात, आणि दुकानातून विकत घेतलेल्या शंखाची पावती नसेल तर तोही अडतो.